सात इकलीमांचा मुसाफिर

आपल्या हिंगणघाटात रोज्याची खरी परीक्षा ऊन घेते. २०१८ साली रमजान मे-जूनमध्ये आला होता, तेव्हा दुपारीच ओठ सुकून जात आणि मगरिबची अजान फार लांब वाटे. पण चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान असते. म्हणून रमजान दरवर्षी तितका अलीकडे सरकतो आणि साधारण ३३ वर्षांत ऊन, पाऊस, थंडी असे सगळे ऋतू फिरून येतो. आपल्याकडे ऋतू चालत येतात. सुमारे ७०० वर्षांपूर्वी एक माणूस मात्र स्वतःच वेगवेगळ्या हवामानांत चालत गेला. त्याचे नाव इब्न बतूता.

२४ फेब्रुवारी १३०४ रोजी मोरोक्कोतील तँजियर येथे, काझींच्या घराण्यात त्याचा जन्म झाला. तिथले हवामान आपल्या उलट: पाऊस हिवाळ्यात आणि उन्हाळा कोरडा. जून १३२५ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी तो हजसाठी एकटाच निघाला. पुढच्या वर्षी ऐन ऑगस्टच्या उन्हात त्याचा रमजान दमास्कसला गेला. त्या शहराची एक रीत त्याने कौतुकाने नोंदवली आहे. तिथे कोणीही एकट्याने रोजा सोडत नसे. श्रीमंत लोक गरिबांना घरी बोलावत. ज्यांच्याकडे फारसे काही नसे ते आपापली भाकरी घेऊन एका घरी किंवा मशिदीत जमत आणि मिळून खात.

त्या काळचे अरब भूगोलतज्ज्ञ विषुववृत्ताकडून उत्तरेकडे जगाचे सात पट्टे पाडत. प्रत्येक पट्टा म्हणजे एक ‘इकलीम’. हा शब्द ग्रीक ‘क्लिमा’वरून, म्हणजे उतार किंवा कल या अर्थाच्या शब्दावरून आला. सूर्यकिरण किती तिरपे पडतात यावर हवा ठरते, हा त्यामागचा विचार. इंग्रजीतला ‘क्लायमेट’ त्याच घरचा, आणि आपला मोसमी पाऊस अरबी ‘मौसिम’च्या घरचा. पुढे व्लादिमीर कोपेन या शास्त्रज्ञाने तापमान आणि पाऊस पाहून हवामानाचे पाच मुख्य प्रकार सांगितले: उष्ण, कोरडे, समशीतोष्ण, थंड आणि ध्रुवीय. चार महिने पाऊस आणि बाकी कोरडे वर्ष असलेले आपले गाव पहिल्या प्रकारात मोडते. इब्न बतूताने या पाचांपैकी चार अनुभवले.

कॉन्स्टँटिनोपलहून उत्तरेच्या गवताळ मैदानाकडे जाताना त्याला असा हिवाळा भेटला की वुजूचे पाणी दाढीवर गोठे आणि झटकले की बर्फासारखे गळे. अंगावर तीन फरचे कोट; घोड्यावर बसायला सोबत्यांनी उचलावे लागे. व्होल्गाकाठच्या बुल्गार शहरातील रमजानाचेही त्याने वर्णन केले आहे. रात्र इतकी लहान की इफ्तार, मगरिब, इशा आणि तरावीह होते न होते तोच पहाट झाली. दिवसांचा हिशेब जुळत नसल्याने तो तिथे खरेच गेला का, याविषयी इतिहासकारांना शंका आहे. पण उत्तरेकडील उन्हाळ्यातील रात्रीचे वर्णन खरे आहे. आपल्याकडे वर्षातल्या सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान दिवसांत जेमतेम अडीच तासांचा फरक पडतो. बुल्गारपलीकडे कुत्र्यांच्या गाड्यांनी जायचा बर्फाळ ‘अंधाराचा प्रदेश’ होता. त्रास फार आणि लाभ थोडा, म्हणून तिकडे जाण्याचा बेत त्याने सोडला. पाचवा प्रकार तेवढा राहून गेला.

नंतर तो दिल्लीला आला आणि मुहम्मद तुघलकाच्या दरबारी काझी झाला. १३४२ मध्ये सुलतानाचा वकील म्हणून चीनला निघाला, तेव्हा वाटेत आपला महाराष्ट्र लागला. दौलताबादेत द्राक्षे आणि डाळिंबे वर्षातून दोनदा येतात, हे त्याने लिहून ठेवले. नंदुरबारचे मराठी लोक कारागिरीत हुशार आहेत, भात, भाजी आणि तिळाचे तेल खातात, जेवणाआधी काटेकोर स्नान करतात, हेही. पुढे कालिकतला तो जुम्याच्या नमाजासाठी किनाऱ्यावर थांबला आणि वादळाने भेटवस्तूंचे जहाज बुडवले. मग तो मालदीवच्या दमट बेटांवर काझी झाला.

१३४९ मध्ये तो मायदेशी परतला. तोवर आईवडील दोघेही गेले होते. १३५२ मध्ये पुन्हा निघाला, सहारा ओलांडून. तिथल्या तगाझा गावी झाड नव्हते. घरे मिठाच्या लाद्यांची आणि छपरे उंटाच्या कातड्याची होती. १३५५ मध्ये त्याच्या तोंडून ऐकलेली सफर इब्न जुझय्यने लिहून पूर्ण केली. १३६८-६९ च्या सुमारास तो वारला.

कुठे दाढीवर बर्फ, कुठे मिठाच्या भिंती, तर कुठे डाळिंबाच्या बागा. ऊन, पाऊस, पाणी, अन्न सगळे पट्ट्यापट्ट्याने बदलत गेले. परक्या माणसाला जेवू घालणारे मात्र त्याला जवळजवळ प्रत्येक इकलीमात भेटले. हवा आपल्या हातात नाही. शेजारी एकट्याने रोजा सोडू नये, एवढे मात्र आपल्या हातात आहे. त्यासाठी दमास्कसला जावे लागत नाही. शेजारचे दार ठोठावले की पुरे.