खराट्यामागची माया

गाडगेबाबा म्हटलं की हातातला खराटा आणि डोक्यावरचं गाडगं आठवतं. पण त्या खराट्यामागे बापाविना वाढलेलं एक पोरगं होतं, हे आपण विसरूनच जातो.

२३ फेब्रुवारी १८७६ ला अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात डेबूजी झिंगराजी जानोरकर जन्मले. वडील दारूच्या नादी लागले आणि त्यातच गेले. माय सखुबाई लहानग्या डेबूला घेऊन मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्याला, भावाच्या आसऱ्याला आली. डेबू तिथं गुरं राखायचा, शेतात राबायचा, भजनं म्हणायचा. पुढे सावकारापायी मामाची जमीनही गेली. दारू आणि कर्ज घर कसं पोखरतं, हे या पोरानं पोथीत वाचलं नव्हतं, घरातच भोगलं होतं.

मुलीच्या बारशाला दारू-मटणाची पंगत द्यायची तेव्हा रीत होती. डेबूजींनी गोडाचं जेवण घातलं. नातलग रागावले, पण ते हटले नाहीत. १९०५ साली त्यांनी घर सोडलं. मागे माय, पत्नी कुंताबाई आणि लेकरं. बाबांच्या मोठेपणात या बायांनी सोसलेला वाटाही धरायलाच हवा.

दिवसा गाव झाडायचं, रात्री कीर्तन. त्यात उपदेशापेक्षा प्रश्नच जास्त. बाबा विचारायचे, लोक उत्तरं द्यायचे आणि बोलता बोलता स्वतःचीच चूक ओळखायचे. घरचं ताट विकावं लागलं तरी चालेल, हातावर भाकरी घेऊन खा, पण पोराला शाळेत घाला, हा त्यांचा हट्ट. लोकांनी दिलेल्या पैशातून ऋणमोचनला पूर्णेवर घाट, पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळा, ठिकठिकाणी शाळा आणि वसतिगृहं उभी राहिली. स्वतःच्या संसाराला मात्र त्यातलं काही नाही.

२० डिसेंबर १९५६ ला अमरावतीकडे येताना वलगावजवळ बाबांनी देह ठेवला. २००५ साली अमरावती विद्यापीठाला त्यांचं नाव मिळालं.

आपल्या वऱ्हाडात कपाशी बुडाली, कर्ज थकलं, की मोठ्यांची चर्चा होते. कोपऱ्यात बसलेलं पोरगं मात्र गप्पच असतं. त्याला कुणी विचारतच नाही. बाबांची ती रीत आपल्याला घरीही जमण्यासारखी आहे. आज रात्री भाकऱ्या थापताना त्याला जवळ बसवा, एक प्रश्न विचारा आणि उत्तर येईस्तोवर थांबा. उपदेश उद्या केला तरी चालेल.