डॉ. भाऊ दाजी लाड

कोकणात व गोव्यात घरामागे थोडी मोकळी जागा राखलेली असते. तिला परस म्हणतात. तेथे मांडवावर पडवळ व दोडका चढलेला असतो, न्हाणीच्या पाण्यावर अळू वाढते आणि कुंपणाशी तुळस, अडुळसा, गुळवेल यांनाही जागा मिळते. भाजीसाठी परसात गेलेली गृहिणी खोकल्यावरचा पालाही तेथूनच खुडून आणते. अशा झाडपाल्याचे गुण आधुनिक शास्त्राच्या कसोटीवर पारखून पाहणारे एक थोर वैद्य एकोणिसाव्या शतकात मुंबईस होऊन गेले. त्यांचे नाव डॉ. भाऊ दाजी लाड.

भाऊंचे मूळ नाव रामकृष्ण विठ्ठल लाड. त्यांचा जन्म गोव्यातील मांद्रे या खेड्यात झाला. घरची गरिबी होती. परंतु मुलाची बुद्धी तीक्ष्ण होती. बुद्धिबळाच्या पटावरील त्यांचे चातुर्य पाहून एका इंग्रज गृहस्थाने त्यांना इंग्रजी शिक्षण देण्याविषयी वडिलांचे मन वळविले. मुंबईस एल्फिन्स्टन विद्यालयात त्यांचे शिक्षण झाले आणि पुढे तेथेच ते शिक्षक झाले.

१८४५ साली भायखळ्यास ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. हाती असलेली नोकरी सोडून भाऊंनी तेथे पुन्हा विद्यार्थीदशा पत्करली. पदवी मिळविणाऱ्या पहिल्या तुकडीत त्यांचा समावेश होता. १८५१ साली त्यांनी मुंबईत व्यवसाय आरंभिला. थोड्याच वर्षांत त्यांना कीर्ती व संपत्ती लाभली. पण गोरगरिबांसाठी त्यांनी व त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांनी धर्मार्थ दवाखानाही चालविला.

त्या काळी महारोग झालेल्या माणसाला घरातून व गावातून बाहेर काढीत. त्याच्यासाठी खात्रीचे औषध कोणापाशीच नव्हते. भाऊंनी संस्कृत वैद्यकग्रंथ चाळले आणि त्यांत सांगितलेल्या औषधींची परीक्षा आरंभिली. ग्रंथात लिहिले आहे म्हणून ते खरे, असे ते मानीत नसत. आणि जुने आहे म्हणून ते टाकाऊ, असेही म्हणत नसत. पश्चिम घाटाच्या रानात कडू कवठ नावाचा वृक्ष वाढतो. त्याच्या बियांचे तेल ते महारोग्यांना देऊ लागले. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी जगातील अनेक देशांत याच जातीच्या तेलाने महारोग्यांवर उपचार होत असत. आज त्याहून प्रभावी औषधे निघाली असून त्यांनी हा रोग पूर्ण बरा होतो.

लोकांना आपल्या देशातील धान्ये, लाकूड, तेलबिया व कारागिरी यांचे ज्ञान व्हावे, म्हणून मुंबईत एक वस्तुसंग्रहालय असावे, अशी भाऊंची इच्छा होती. पूर्वीचा छोटा संग्रह १८५७ च्या धामधुमीत विस्कटून गेला होता. नाना शंकरशेट व डॉ. बर्डवुड यांच्यासह भाऊंनी लोकांकडून वर्गणी जमविली. १८६२ साली भायखळ्याच्या राणीच्या बागेत इमारतीची पायाभरणी झाली.

इतक्यात मोठे संकट ओढवले. अमेरिकेतील यादवी युद्ध १८६५ साली संपताच मुंबईचा कापसाचा व्यापार कोसळला. शेअरांच्या सट्ट्यात हजारो लोक बुडाले, त्यांत भाऊंचीही संपत्ती गेली. संग्रहालयाचे कामही पैशावाचून अडले. परंतु धन गेले तरी भाऊंची विद्या व सेवावृत्ती गेली नाही. ते रोग्यांना तपासीत राहिले, प्राचीन शिलालेखांचा अभ्यास करीत राहिले. १८६९ व १८७१ या दोन्ही वर्षी मुंबईच्या शेरीफपदाचा मान त्यांना मिळाला. अडलेली इमारत पुढे सरकारी साहाय्याने पुरी झाली व १८७२ साली संग्रहालय लोकांसाठी खुले झाले. त्यानंतर दोनच वर्षांनी, मे १८७४ मध्ये, भाऊ निवर्तले.

१९७५ साली या संग्रहालयास डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव देण्यात आले. मुलांनो, राणीच्या बागेत जाल तेव्हा प्राणी पाहून लगेच परतू नका. तेथील जुने वृक्ष निरखून पाहा, संग्रहालयातही डोकावा. आपल्या पायाशी उगवणाऱ्या साध्या झुडपातही मनुष्याचे दुःख हलके करण्याचे सामर्थ्य असू शकते. मात्र ते शोधण्यास भाऊंसारखी चिकित्सक बुद्धी आणि दुःखितांविषयी कळवळा असावा लागतो.