सोवळ्याच्या छायेतले बालपण : लक्ष्मीबाई टिळक

‘स्मृतिचित्रे’ हे नाव घेतले की आपल्यापुढे रेव्हरंड टिळक आणि लक्ष्मीबाई यांचा जगावेगळा संसार उभा राहतो. पण या ग्रंथाच्या आरंभी एक भेदरलेले बालपण आहे, त्याकडे आपले लक्ष क्वचितच जाते.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ साली नाशिकजवळच्या जलालपूर गावी, गोखल्यांच्या घरात झाला. माहेरचे नाव मनकर्णिका. त्यांच्या जन्माआधी अकरा वर्षे, सत्तावन्नच्या धामधुमीत, त्यांच्या आजोबांना, म्हणजे आईच्या वडिलांना फाशी झाली. त्या धक्क्यानंतर लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या मनाने सोवळ्याचा असा काही ध्यास घेतला की घराचे घरपणच हरपले. बाहेरून आलेली प्रत्येक वस्तू धुऊन घ्यायची, त्यातून मीठ-साखरसुद्धा सुटत नसे! विटाळाच्या नुसत्या शंकेने घर वेठीस धरले जाई. या साऱ्याचा भार आईने मुकाट्याने वाहिला आणि मुले धाकात वाढली.

आज आपण याला मनाचा आजार म्हणू. त्या काळी मात्र ते धर्माचरण ठरले. आजाराला धर्माचे वस्त्र मिळाले की त्याला आवरणार कोण?

अकराव्या वर्षाच्या सुमारास त्यांचे लग्न नारायण वामन टिळकांशी झाले. टिळकांचेही बालपण सुखाचे नव्हते. वडील तापट, आईचे छत्र लहानपणीच हरपलेले. स्वतः टिळक कवी, उदार, पण लहरी आणि शीघ्रकोपी. १८९५ साली त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. काही काळ त्या पंढरपुरास वेगळ्या राहिल्या. पुढे पतीकडे परतल्या, तरी चूल वेगळीच होती. ज्या सोवळ्याने बालपण पोळले, तेच सोवळे त्यांच्याही अंगी मुरले होते! मात्र वडिलांना जे साधले नाही ते लेकीने साधले. माणसामाणसांतली ही शिवाशीव माणसानेच निर्माण केली, हे त्यांना विचारान्ती पटले आणि त्यांनी ती टाकली. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे याच बाईंनी अनाथ मुलांना पोटाशी धरले.

१९१९ मध्ये टिळक गेले. शाळेचे तोंड न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनी त्यांचे अपुरे ‘ख्रिस्तायन’ पुरे केले आणि आठवणी लिहिल्या. ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध होऊ लागली. १९३६ साली त्यांचे निधन झाले.

या आठवणींत त्या वडिलांचे काही लपवीत नाहीत, पण त्यांना आरोपीच्या पिंजऱ्यातही उभे करीत नाहीत. त्या विक्षिप्तपणावर त्या हसतात आणि आपल्यालाही हसवतात. पण हसता हसता आईचे हाल नजरेआड होऊ देत नाहीत. वडिलांच्या वेडामागचे दुःख त्या जाणतात, म्हणून त्यांच्या हसण्यात विखार नाही.

विश्रांतवाडीच्या चाळींतून आणि वसाहतींतून येथे येणाऱ्या आपल्यांपैकी कित्येकांच्या घरीही एखादे दुखणे उंबऱ्याआड दडवलेले असते. व्यसन असेल, संताप असेल, मनाचा आजार असेल. आईबापांविषयी खरे बोलणे म्हणजे कृतघ्नपणा, असे आपल्याला शिकवलेले असते. लक्ष्मीबाईंनी खरेही सांगितले आणि मायाही राखली. दुःखाचा वारसा आपल्याला मिळतो, तो पुढे चालवलाच पाहिजे असे मात्र नाही, हे त्यांचे आयुष्य सांगून जाते.