हवेचा ब्रेक जुनाच, मग पेटंट वेस्टिंगहाऊस यांना कसे?

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत मालगाडी थांबवायची, तर ब्रेकमन धावत्या डब्यांच्या टपावर जाऊन हाताने चाक फिरवत. अनेकांचे त्यात जीव गेले. आल्प्समधील बोगदा खोदताना दाबलेली हवा वापरतात, हे जॉर्ज वेस्टिंगहाऊस (१८४६-१९१४) यांनी वाचले. १८६९ मध्ये, वयाच्या २२ व्या वर्षी, त्यांनी एअर ब्रेकचे पेटंट मिळवले.

प्रतिस्पर्धी पुढे आले. हवेच्या ब्रेकची कल्पना तर आधीच अनेकांना सुचली होती, मग यात नवे काय? गार्डनर अँड रॅन्सम कंपनीविरुद्धच्या खटल्यात ओहायोतील न्यायालयाने १८७५ मध्ये कौल वेस्टिंगहाऊस यांना दिला. सुचणे वेगळे; गाडीवर ब्रेक यशस्वीपणे चालवून दाखवला तो त्यांनीच.

पण लांब मालगाड्यांनी नवे संकट आणले. १८८६ च्या बर्लिंग्टन चाचण्यांत पुढचे ब्रेक आधी लागत, मागचे उशिरा, आणि मागचे डबे पुढच्यांवर आदळत. १८८७ मध्ये वेस्टिंगहाऊस यांनी झटपट लागणाऱ्या ब्रेकचे पेटंट घेतले. त्यात प्रत्येक डब्याखालची झडप मुख्य नळीतील हवा थेट ब्रेकच्या सिलिंडरमध्ये सोडते, त्यामुळे दाब घटल्याचा इशारा शेवटच्या डब्यापर्यंत झपाट्याने जातो.

बॉयडेन कंपनीने हाच परिणाम वेगळ्या झडपेने साधला. वाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १८९८ मध्ये वेस्टिंगहाऊस हरले. परिणाम तोच असला, तरी रीत वेगळी, म्हणून पेटंटभंग नाही, असे बहुमताने ठरले. काही न्यायाधीशांना मात्र ते पटले नाही.