न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे

गतकालीन थोर पुरुषांपैकी एकाचे चरित्र सभासद बंधुभगिनींपुढे ठेवण्याचा जो प्रघात आहे, त्यास अनुसरून यंदा आम्ही रामशास्त्री प्रभुणे यांची निवड केली आहे. हे नाव ज्यास ठाऊक नाही असे घर आपल्यांत विरळा. तथापि शास्त्रीबोवांची जी मूर्ती आपल्या मनावर ठसली आहे, ती पुष्कळ अंशी खाडिलकरांच्या १९०९ सालच्या भाऊबंदकी नाटकाने व प्रभात कंपनीच्या १९४४ सालच्या रामशास्त्री चित्रपटाने घडविलेली आहे. रंगभूमीवरील शास्त्री एका वाक्याने वाडा हादरवून टाकतात. प्रत्यक्षातील शास्त्र्यांनी तो निर्णय उच्चारण्यापूर्वी सुमारे सहा आठवडे पुरावा जमविण्यात घालविले होते. ह्या सहा आठवड्यांत टाळ्यांचे प्रसंग नाहीत, म्हणून नाटककारांनी ते वगळले असावेत. आम्हांस मात्र चरित्राचे मर्म तेथेच दिसते.

शास्त्रीबोवा मूळचे साताऱ्यानजीकच्या क्षेत्र माहुलीचे. बालपण हलाखीत गेले. साताऱ्यास एका सावकाराच्या घरी पडेल ते काम करीत असता धन्याच्या बोलण्याने मनाला डाग लागला आणि विद्या संपादन करण्यासाठी त्यांनी काशीची वाट धरली, अशी कथा परंपरेने चालत आली आहे. तीतील बारकावे सांगणाऱ्यागणिक बदलतात, म्हणून आम्ही तिचा विस्तार करीत नाही. काशीस बाळंभट्ट पायगुंडे यांच्यासारख्या प्रख्यात धर्मशास्त्र्यापाशी त्यांचे अध्ययन झाले. १७५१ च्या सुमारास ते पेशव्यांच्या पदरी आले व १७५९ साली पुण्याच्या मुख्य न्यायाधीशाचे पद त्यांजकडे आले.

हे पद म्हणजे काय, हे आजच्या वाचकांस थोडे विशद करून सांगणे अवश्य आहे. न्यायखाते त्या काळी राज्यकारभारापासून वेगळे नव्हते. न्यायाधीशाची नेमणूक पेशव्यांची, वेतन पेशव्यांचे, आणि दिलेल्या निवाड्याची अंमलबजावणीही पेशव्यांच्याच हुकमाने व्हावयाची. धर्मशास्त्र, देशरिवाज व पंचांचे मत यांच्या आधारे निर्णय होई. खुद्द राज्यकर्त्यावर आरोप आला तर चौकशी कोणी करावी, याची तरतूद कोठेच नव्हती. असा प्रसंग उद्भवेल ही कल्पनाच कोणी केलेली नसावी.

थोरले माधवराव व शास्त्रीबोवा यांचा संबंध सर्वश्रुत आहे. तरुण पेशवे जपजाप्यात मग्न होऊन कामकाज खोळंबू लागले, तेव्हा शास्त्र्यांनी काशीस जाण्याची रजा मागितली. ब्राह्मणाने क्षात्रकर्म पत्करल्यावर रयतेचा सांभाळ हेच त्याचे अनुष्ठान, आणि ते होत नसेल तर दोघांनीही गंगातीरी जाऊन बसावे, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता. माधवरावांनी तो मानला. पदरच्या शास्त्र्याने हे सुनवावे आणि धन्याने ऐकावे, यात दोघांचाही मोठेपणा आहे, पण आमच्या मते ऐकणाऱ्याचा अंमळ अधिक! शास्त्र्यांच्या निःस्पृहतेविषयी ग्रँट डफ या स्कॉटिश इतिहासकाराने लिहून ठेवले आहे की, एका दिवसास पुरेल त्याहून अधिक शिधा ते घरात ठेवीत नसत. श्रावणमासाच्या दक्षिणेच्या वेळी सख्ख्या भावास त्यांनी सरकारातून इतरांइतकीच दक्षिणा दिली आणि अधिक द्यावयाचे ते स्वतःच्या पदरचे दिले, ही आख्यायिकाही प्रसिद्धच आहे.

१८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊर मुक्कामी माधवराव निवर्तले आणि त्यांचे धाकटे बंधू नारायणराव गादीवर आले. चुलते रघुनाथराव शनिवारवाड्यातच नजरकैदेत होते. ३० ऑगस्ट १७७३, गणपतीचे दिवस. वाड्यात काही दगाफटका होणार याची कुणकुण नारायणरावांस लागली होती व त्यांनी हरिपंत फडक्यांस बंदोबस्ताविषयी सांगितलेही होते. परंतु हरिपंतांस भोजनाचे आमंत्रण होते आणि बंदोबस्ताचे काम मागे राहिले. एवढ्या मोठ्या अनर्थाच्या मुळाशी अशी क्षुल्लक हयगय असावी, हे वाचताना आजही मन विषण्ण होते. दुपारी गारदी थकलेल्या पगाराचे निमित्त करून वाड्यात घुसले. अठरा वर्षांचा पेशवा धावत चुलत्याच्या दालनात गेला व त्याच्या गळ्यास मिठी मारून प्राणांची भीक मागू लागला. तेथेच त्यास ओढून तोडण्यात आले. चाफाजी टिळेकर हा सेवक धन्याच्या अंगावर पडला व त्याच्याबरोबर ठार झाला. ब्राह्मण, सेवक व दासी धरून त्या दिवशी वाड्यात अकरा जीव गेले.

दुसऱ्या दिवसापासून सत्ता कोणाच्या हाती गेली, हे सांगावयास नकोच. ऑक्टोबरमध्ये साताऱ्याहून पेशवाईची वस्त्रेही रघुनाथरावांस मिळाली. मुत्सद्दी मंडळी मनात काय असेल ते मनातच ठेवून नव्या धन्याच्या मुजऱ्यास जात होती. ज्याचा संशय घ्यावयाचा त्याच्याच चाकरीत राहून, त्याच्याच शिक्क्याखाली, रामशास्त्र्यांनी चौकशी आरंभिली. तिची साद्यंत हकीकत उपलब्ध नाही. निष्कर्षावरून मात्र तिची व्याप्ती ध्यानात येते. हत्येचा ठपका गारद्यांवर ठेवून प्रकरण मिटविणे अगदी सोपे होते, कारण तरवारी त्यांच्याच होत्या व अनेकांनी त्या पाहिल्या होत्या. शास्त्र्यांनी तेवढ्यावर न थांबता हुकूम कोणाचा, निरोप कोणी पोहोचविला, द्रव्य कोणी कबूल केले, दारे कोणी मोकळी ठेवली, याचा माग काढला. त्यांनी दोषी ठरविलेल्यांची संख्या पन्नासाच्या घरात गेली, आणि तीत गारद्यांपेक्षा दक्षिणी ब्राह्मणांचीच नावे अधिक होती.

ज्ञातीच्या स्मरणिकेत हे वाक्य लिहिताना आम्ही क्षणभर थबकलो, हे खरे. रामशास्त्री आपले म्हणून आपण त्यांचा अभिमान बाळगतो, आणि ते कोणत्या शाखेचे याविषयी आपल्यांत हिरिरीने बोलणारेही आहेत. परंतु त्या यादीतील माणसेही आपलीच होती. शास्त्रीबोवांनी नावे लिहिताना ती वगळली नाहीत, तेव्हा आम्ही त्यांचे चरित्र लिहिताना ती झाकून ठेवणे शोभणार नाही.

आता प्रश्न उरला तो स्वतः रघुनाथरावांचा. पुतण्यास धरावे एवढीच आपली आज्ञा होती, ठार मारण्याची नव्हती, असा त्यांचा बचाव होता. गारद्यांचा नायक सुमेरसिंग यास दिलेला कागद पुढे शास्त्र्यांच्या हाती लागला व त्यात धरावे या शब्दाचे मारावे केलेले आढळले, असे ग्रँट डफ सांगतो. हा फेरफार आनंदीबाईंनी केल्याचा प्रवाद मराठी भाषेत ध चा मा करणे या वाक्प्रचाराच्या रूपाने कायम झाला. पुढील संशोधकांनी ह्या कथेविषयी शंका घेतल्या आहेत व आम्हीही तीवर भर देऊ इच्छीत नाही. बाईच्या माथी सारे खापर फोडले की पुरुषांची सुटका होते, ही युक्ती जुनीच आहे. शिवाय गादीवरील पेशव्यास त्याच्याच वाड्यात शस्त्रबळाने धरावे, ही आज्ञा तरी कोठे निर्दोष होती? अक्षर बदललेले असो वा नसो, आज्ञा देणारा दोषमुक्त होत नव्हता. शास्त्र्यांनी रघुनाथरावांस समक्ष दोषी ठरविले. प्रायश्चित्ताची गोष्ट निघाली, तेव्हा ह्या पातकास देहान्ताखेरीज प्रायश्चित्त नाही असा निर्णय दिला, आणि त्यांच्या राज्यात आपण न्यायासनावर बसणार नाही असे सांगून पुणे सोडले. वाईनजीकच्या एका खेड्यात ते जाऊन राहिले. परंपरेने त्याचे नाव पांडववाडी असे सांगतात.

रघुनाथरावांनी त्यांच्या केसासही धक्का लावला नाही. भीड म्हणावी, भय म्हणावे, की मनाची टोचणी, हे ठरविणे कठीण आहे.

निवाडा झाला, पण तो अमलात आणणार कोण? जे काम न्यायासनाला करता आले नाही, ते बारभाईंच्या राजकारणाने काही अंशी केले. सखारामबापू, नाना फडणीस, हरिपंत आदी मुत्सद्द्यांनी नारायणरावांच्या गरोदर पत्नी गंगाबाई यांस पुरंदरावर नेले. १८ एप्रिल १७७४ रोजी तेथे सवाई माधवराव जन्मले व त्यांच्या नावे कारभार सुरू झाला. शास्त्रीबोवांस सन्मानाने परत बोलावण्यात आले. खुनात प्रत्यक्ष हात असलेल्यांपैकी महंमद इसफ, खरकसिंग व तुळाजी पवार यांस पुढे पकडून देहान्त शासन झाले. सुमेरसिंग त्यापूर्वीच मेला होता. मुख्य आरोपी मात्र इंग्रजांच्या आश्रयास गेला. ६ मार्च १७७५ च्या सुरतेच्या तहातून जे युद्ध उद्भवले ते १७८२ साली सालबाईच्या तहाने मिटले, आणि ११ डिसेंबर १७८३ रोजी रघुनाथराव कोपरगावी स्वाभाविक मरणाने वारले. त्यांच्यापुरता निवाडा कागदावरच राहिला.

शास्त्रीबोवांनी त्यानंतरही न्यायाधीशाचे काम अखेरपर्यंत केले. ह्या उत्तरकाळात वारसा, वतन व देण्याघेण्याचे नित्याचे तंटेच त्यांच्यापुढे बहुतकरून येत, व त्यांवर नाटके कोणी लिहिली नाहीत. १७८९ साली त्यांचे देहावसान झाले. त्यांच्या जागी अय्याशास्त्री आले.

पुढे दोनच वर्षांनी, ऑगस्ट १७९१ मध्ये, पुण्याचा कोतवाल घाशीराम याने कोंडून ठेवलेल्या तेलंगी ब्राह्मणांपैकी एकवीस जण गुदमरून मेले. लोक खवळून वाड्यापुढे जमले व न्याय मागू लागले. अखेरीस नाना फडणिसांनी कोतवालास त्यांच्या स्वाधीन केले, आणि जमावाने त्यास दगडांनी ठेचून मारले.