कांट, मांजरे आणि हवेतली वीज

अठराव्या शतकाच्या अखेरीस व्हिएन्ना, बाझल, कोपनहेगन अशा शहरांत मांजरांची साथ आली आणि ती पटापट मरू लागली. प्रशियातल्या कोनिग्सबर्ग गावात (आजचे रशियातले कालिनिनग्राद) ही बातमी इमॅन्युएल कांट यांच्यापर्यंत पोहोचली आणि त्यांनी कारणही सांगून टाकले: हवेतली वीज. मांजराच्या अंगात वीज फार, म्हणून आधी तेच बळी पडणार. एवढ्यावर ते थांबले नाहीत. त्या काळात ढगांचे आकार वेगळे दिसतात, हा त्यांना आणखी एक पुरावा वाटला. आपल्या डोक्यात सतत जाणवणारा दाबही त्याच विजेचा, अशी त्यांची खात्री झाली.

पुराव्याच्या पलीकडे बुद्धीने किती धावावे याची सीमा ज्यांनी १७८१च्या आपल्या ग्रंथात आखून दिली, तेच हे कांट.

घोड्यांचे खोगीर-लगाम करणाऱ्या कारागिराच्या घरी १७२४ मध्ये त्यांचा जन्म झाला. छाती अरुंद, प्रकृती नाजूक. त्यामुळे आरोग्य हा त्यांनी आयुष्यभर अभ्यासाचाच विषय केला. पहाटे पाचला उठणे, दिवसातून एकदाच पोटभर जेवण, फिरायला शक्यतो एकट्याने जाणे. सोबत कोणी असले की बोलावे लागते आणि थंड हवा तोंडावाटे आत जाते, म्हणून एकट्याने. पायमोजे बांधल्याने रक्त अडू नये यासाठी त्यांनी स्प्रिंगची एक खास युक्ती करून घेतली होती. डॉक्टर काहीही म्हणोत, दिवसाला दोनपेक्षा जास्त गोळ्या घ्यायच्या नाहीत, हाही एक नियम. दीर्घायुष्यावर लिहिणारे जर्मन वैद्य हूफेलांट यांना उत्तर म्हणून, मनाच्या निर्धाराने आजाराच्या भावनांवर ताबा कसा मिळवावा, यावर त्यांनी निबंध लिहिला. तो १७९८ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा ते चौऱ्याहत्तर वर्षांचे होते.

हट्टी मतेही पूर्वीपासूनची. बिअर म्हणजे सावकाश मारणारे विष, असे ते मानत. कोणी तरुणपणी गेल्याचे कळले की त्यांचा संशय आधी बिअरवर जाई. मित्रांची अडचण इथेच झाली. ज्या माणसाला आयुष्यभर असल्या लकबी आहेत, त्याची एखादी लकब आजार कधी झाली, हे ओळखायचे कसे?

पहिली खूण विजेची नव्हती. तोच किस्सा एका दिवसात दोनदा-तीनदा सांगितला जाऊ लागला. हे त्यांच्या स्वतःच्याही लक्षात आले, आणि जेवताना काय बोलायचे याची यादी ते चिठ्ठीवर लिहून ठेवू लागले. चिठ्ठ्या, पाकिटे, कपटे यांचा ढीग साठला. जुने विद्यार्थी आणि पुढे धर्मोपदेशक झालेले वासियान्स्की यांनी मग त्यांच्यासाठी कागदांच्या छोट्या वह्या शिवून दिल्या. वीज आली ती त्यानंतर.

वय वाढते तसे सगळे ज्ञान एकदम जात नाही. शब्द, साठवलेली माहिती, पाठ असलेले सिद्धान्त बराच काळ टिकतात. आधी मंदावते ते दुसरेच काम: नवी गोष्ट मनात धरून ठेवणे, तिला जुन्या गोष्टीशी ताडून पाहणे, दुसरे कारण असू शकेल का हे स्वतःलाच विचारणे. निरोगी म्हातारपणात हा फरक थोडा असतो. कांट यांच्या बाबतीत तो आजाराच्या पातळीवर गेला. त्या आजाराला नाव देण्याचा प्रयत्न डॉक्टर आजही करतात, पण पडताळून पाहायला हाती काही नाही. आरोग्याची बातमी समजून घेताना मात्र नेमके हे दुसरे कामच लागते. अगदी शेवटच्या दिवसांतही केप्लरच्या नियमांबद्दल विचारले तर कांट नीट उत्तर देत. विजेबद्दलही त्यांना पुष्कळ माहिती होती. एकोणऐंशीव्या वर्षी डोके जड होण्याचे कारण वयही असू शकते, हा साधा उलटप्रश्न तेवढा त्यांना सुचेनासा झाला. निवृत्त इंजिनियर आजोबांच्या मोबाइलमधले आरोग्यसंदेश पाहणाऱ्या नातवंडांना हे ओळखीचे वाटेल.

मित्रांनी त्यांची समजूत खोडली नाही. हवा बदलेल, वीज कमी होईल, डोके हलके होईल, ही आशा त्यांना त्या समजुतीतून मिळत होती. खरे कारण सांगितले असते तर ती गेली असती आणि बदल्यात देण्यासारखे काहीच नव्हते. तर्काला जन्म वाहिलेल्या माणसाशी असे वागणे मित्रांना सोपे गेले नसावे.

पण गप्प राहणे नेहमी चालत नाही. १८०३च्या सुमारास कांट यांना पाव-लोण्यावर किसलेले इंग्लिश चीज घालून खाण्याची चटक लागली. ७ ऑक्टोबरला त्यांनी ते नेहमीपेक्षाही जास्त खाल्ले. वासियान्स्की यांनी विरोध केला, तेव्हा इतका संयमी माणूस प्रथमच हट्टाला पेटला. कारणे समजावून उपयोग झाला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ते बेशुद्ध होऊन कोसळले. ते सावरले, पण पूर्वीसारखे झाले नाहीत. चीज मात्र त्यानंतर बंद झाले.

फेब्रुवारी १८०४ मध्ये, मृत्यूच्या नऊ दिवस आधी, डॉक्टर भेटायला आले. ते विद्यापीठाचे कुलगुरूही होते. कांट यांना उभेही राहवत नव्हते, तरी ते खुर्चीवरून उठले आणि काही तुटक शब्द बोलले: पदे, पुष्कळ पदे, चांगुलपणा, कृतज्ञता. डॉक्टरांना अर्थ लागेना. तो वासियान्स्की यांनी सांगितला. इतक्या जबाबदाऱ्या असताना आपण मला पाहायला येता हा आपला चांगुलपणा, असे त्यांना म्हणायचे आहे. कांट यांनी मान डोलावली, पण बसले नाहीत. वासियान्स्की यांनी डॉक्टरांच्या कानात सांगितले, की आपण बसल्याशिवाय ते बसणार नाहीत. डॉक्टरांना ते खरे वाटेना. तरी ते बसले, आणि मगच कांट खुर्चीत टेकले.