बी. रघुनाथ

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही शाळेत बहुतेक विषय उर्दूतून शिकता. मराठी ही तुमची दुसरी भाषा आहे. मराठीत चार ओळी लिहायला बसलात, की हात थांबतो. हे आपल्याला जमेल का, असे वाटते. म्हणून आज मी तुम्हांला आपल्या परभणीच्या एका लेखकाची ओळख करून देणार आहे. त्यांचेही आयुष्य दोन भाषांत गेले.

मनमाड-सिकंदराबाद रेल्वेमार्गावर सातोना नावाचे गाव आहे. तेव्हा ते परभणी जिल्ह्यात होते. या गावी १५ ऑगस्ट १९१३ रोजी भगवान रघुनाथ कुलकर्णी यांचा जन्म झाला. पुढे बी. रघुनाथ या नावाने ते प्रसिद्ध झाले. त्यांचे शिक्षण हैदराबादला मॅट्रिकपर्यंत झाले. घरची परिस्थिती बेताची होती. पुढे शिकणे शक्य नव्हते. त्यांनी बांधकाम खात्यात कारकुनाची नोकरी धरली. परभणीला त्यांची बरीच वर्षे या नोकरीत गेली.

त्या काळी मराठवाडा निजामाच्या राज्यात होता आणि राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. आपल्या मातृभाषेत लिहायचे, तर नोकरीतून उरलेल्या वेळेतच लिहायला हवे. पगार थोडा आणि संसाराची ओढाताण मोठी. तरीही बी. रघुनाथ यांनी लेखणी खाली ठेवली नाही. कविता, कथा, कादंबरी आणि ललित लेख असे सारे प्रकार त्यांनी हाताळले.

त्यांच्या एका कथासंग्रहाचे नाव आहे ‘साकी’. तो १९४० मध्ये निघाला. दुसऱ्याचे नाव आहे ‘फकिराची कांबळी’. साकी आणि फकीर हे शब्द तुम्हांला कोणी समजावून सांगायला हवेत का? दप्तर, अर्ज, तारीख, शाई, कागद हे शब्दही असेच तुमच्या ओळखीचे आहेत. मराठीच्या घरात तुम्ही अगदी परके नाही, हे यावरून ध्यानात घ्या.

बी. रघुनाथ यांनी सात कादंबऱ्या लिहिल्या. ‘हिरवे गुलाब’, ‘बाबू दडके’, ‘म्हणे लढाई संपली’, ‘जगाला कळलं पाहिजे’ ही त्यांतील काही नावे. आता विचार करा, कादंबरीकार जेव्हा छोटी कथा लिहायला बसतो, तेव्हा त्याला काय करावे लागते? समजा, एका शेतकऱ्याला दुष्काळात आपला बैल विकावा लागला. कादंबरीत त्याचे आजोबा येतील, सावकार येईल, भाऊबंदकी येईल, दहा वर्षांचा काळ येईल. कथेत एवढी जागा नसते. तिथे आठवडी बाजारातली एक दुपार पुरते. बैलाचे दावे दुसऱ्याच्या हातात जाते, तो एक क्षण वाचकाला दिसला पाहिजे. बाकीचे मनात ठेवायचे असते. कादंबरीकाराजवळ सांगण्यासारखे पुष्कळ असते. म्हणूनच कथेतून काय गाळावे, हे ठरवणे त्याला कठीण जाते.

हे काम एका बैठकीत होत नाही. कचेरीत महत्त्वाच्या पत्राचा आधी मसुदा करतात, मग त्याची स्वच्छ प्रत काढतात. उर्दूत मसुद्याला आपण मुसव्वदा म्हणतो. मूळ शब्द एकच आहे. त्याचा अर्थ काळे केलेले पान. स्वच्छ प्रतीला मुबय्यजा म्हणतात, म्हणजे पांढरे केलेले पान. कथेचेही असेच आहे. आधी पान काळे करावे लागते. मग खोडावे, पुन्हा लिहावे, मोठ्याने वाचून पाहावे. जे वाक्य काढले तरी काही बिघडत नाही, ते काढून टाकावे. खाडाखोड झाली म्हणून लाजू नये.

७ सप्टेंबर १९५३ रोजी परभणीच्या कचेरीत काम करीत असतानाच बी. रघुनाथ यांचे अचानक निधन झाले. चाळीस वर्षे पूर्ण होऊन एक महिनाही झाला नव्हता. ‘आडगावचे चौधरी’ ही त्यांची कादंबरी पुढच्या वर्षी प्रसिद्ध झाली. ती छापलेली पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. त्यानंतर आणखीही पुस्तके निघाली. परभणीचे वाचक त्यांना विसरले नाहीत. त्यांच्या स्मृतिदिनानिमित्त साहित्याचे कार्यक्रम होत आले आहेत.

मित्रांनो, बी. रघुनाथ यांना वेळ थोडा मिळाला, सवड तर त्याहून थोडी. तरी त्यांनी एवढे लिहिले. तुमच्याजवळ वेळ आहे आणि दोन भाषा आहेत. वहीचे एक पान आजच काळे करा.

स्वाध्याय
१. बी. रघुनाथ यांना लेखनासाठी थोडाच वेळ का मिळत असे?
२. कथा आणि कादंबरी यांतील फरक बैलाच्या उदाहरणावरून सांगा.
३. तुम्ही पाहिलेला एक प्रसंग दहा वाक्यांत लिहा. दुसऱ्या दिवशी तो वाचून त्यातील तीन वाक्ये कमी करा.